नयनच्या गाडीची थरथर

प्रेमकथेत नायिकेचं काहीतरी पडावं लागतं. कुणाचा रुमाल पडतो, कुणाचं पैंजण पडतं. नायक ते उचलतो, धापा टाकत मागे येतो, आणि पुढचं आपोआप होत जातं. झाई गावच्या नयनचा प्रोपेलर शाफ्ट पडला.

तलासरीच्या अलीकडचा चढ. गणपती होऊन गेलेले. परतीचा पाऊस नुकताच एक सर टाकून समुद्राकडे निघून गेलेला, आणि रस्ता तेल लावल्यासारखा चकचकीत. नयनच्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर तिची आई सोनूबाई, मागे सोमीमावशी आणि आळीतल्या आणखी दोघीतिघी मासळीवाल्या, आणि त्यांच्या पायांशी टबांमध्ये बर्फात निजवलेले बोंबील, मांदेली, कोळंबी. गाडी रोजच्यासारखी थरथरत होती. ती इतकी थरथरायची, की बाजारात उतरल्यावरही सोमीमावशीचा आवाज थोडा वेळ हलत राहायचा आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई भाव सांगताना घाबरतेय.

एवढ्यात गाडीच्या पोटाखाली खणखण झाली, दाणकन काहीतरी रस्त्यावर आपटलं, आणि थरथर एकदम थांबली.

"बघ, आता कशी छान चालते," सोमीमावशी मागून म्हणाली.

चालत होती खरी. इंजिन चालू, गिअर टाकलेला, नयनचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आणि गाडी मात्र हळूहळू झाईच्या दिशेने मागे निघालेली.

"नयन, आपल्याला पुढे जायचंय," सोनूबाई म्हणाली.

"मला ठाऊक आहे, आये."

"मग मागे का चालली?"

नयनने हँडब्रेक ओढला. पाठोपाठ एक टेम्पो आला. मासळीवाल्यांनी तो असा अडवला, की ड्रायव्हरला नाही म्हणायला जागाच राहिली नाही. टब चढले, बायका चढल्या, सोनूबाईही चढली.

"आये, तूपण?"

"गाडी तुझी, मासळी माझी," सोनूबाई म्हणाली, आणि टेम्पो गेला.

नयन रस्त्यावर एकटी उभी राहिली. तेवढ्यात खालून, चढ चढत, एक तरुण येताना दिसला. खाकी पँट, कोपरापर्यंत ग्रीस, आणि खांद्यावर आडवा एक लांबलचक लोखंडी दांडा, कावड घेतल्यासारखा. जवळ येऊन तो थांबला. दांडा खाली ठेवला. केसांतून पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवर आलं होतं, ते त्याने खांद्यानेच पुसलं... आणि म्हणाला,

"ताई, हे तुमचं पडलं मागे."

माणूस चांगला होता, आवाज चांगला होता, दातही चांगले होते. फक्त 'ताई' हा शब्द नको होता. पण शिष्टाचाराला इलाज नसतो.

"काय आहे हे?" नयनने विचारलं. तिला ठाऊक होतं. गाडी ती चालवायची, तिला पोटाखालचं सगळं ठाऊक होतं. पण त्याने सांगावं असं वाटलं.

"शाफ्ट. इंजिन पुढे असतं, गाडी ढकलणारी चाकं मागे. इंजिनाला काय वाटतं ते चाकांपर्यंत पोचवायचं काम ह्याचं."

"आणि हाच पडला तर?"

"तर इंजिन एकटंच बडबडत बसतं."

नयनने इंजिन बंद केलं.

"माझं गॅरेज खालीच आहे, चढाच्या पायथ्याशी," तो म्हणाला. "ढकलायलाही नको. तुम्ही नुसता ब्रेक सोडा, गाडी आपोआप माझ्याकडे येते."

हे तो उताराबद्दल बोलत होता. तरी बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले, आणि ते नयनने बघून ठेवलं.

त्याचं नाव मिथुन. मूळचा डहाणूजवळच्या कैनाडचा. घरी शेती, थोडी चिकूची झाडं. भाऊ शेतीत रमले, हा नांगरापेक्षा ट्रॅक्टरच्या पोटात जास्त रमला. गॅरेज स्वतःचं, पण अगदी नवं. इतकं नवं, की पाटीवर 'मिथुन ऑटो' एवढंच रंगवून झालं होतं आणि रंगारी पुढचं लिहायला अजून यायचा होता.

त्याने शाफ्ट उलटासुलटा करून पाहिला. टोकाचा सांधा, ज्याला गॅरेजात क्रॉस म्हणतात, तो पार तुटला होता.

"ह्याच मापाचा नवा टाकला तर तोही पडेल, ताई. कंपनीने ही गाडी केली शाळेच्या पोरांसाठी. तुम्ही भरता बर्फ, पाणी आणि..." तो थांबला.

"आणि आमच्या मावश्या. बोला ना."

"मी काही बोललो नाही. ह्याच्यापेक्षा जाड नळीचा शाफ्ट टाकू, क्रॉसपण मोठे. वापीला मशीनवर फिरवून तोल साधून आणतो. मग बघा. पोटातलं पाणी हलणार नाही."

शाफ्ट वापीहून आला त्या दिवशी नयन मुद्दाम समोर स्टुलावर बसली. नवा दांडा काळा कुळकुळीत, धष्टपुष्ट. मिथुन गाडीखाली गेला, परत बाहेर आला, डबे हुडकू लागला.

"काय पाहिजे?"

"निशाणी करायला रंग. संपलाय बहुतेक."

नयनने पर्समधून नेलपॉलिश काढून दिलं. मिथुनने ती बाटली चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरली, आणि एक लाल ठिपका शाफ्टवर दिला, एक मागच्या चाकांकडच्या तबकडीवर.

"हे कशाला?"

"हे दोन ठिपके बरोबर समोरासमोर आले पाहिजेत. जरा इकडेतिकडे झाले की थरथर सुरू."

"आणि समोरासमोर आले की?"

"की थरथर नाही."

नयन त्या वेळी वाकून, त्याच्या अगदी समोरासमोर होती. त्यामुळे ह्या तांत्रिक माहितीवर तिचा विश्वास बसला नाही.

पण माहिती खरी होती. दुसऱ्या दिवशी गाडी झाईहून निघाली ती रेशमावरून हात फिरवावा तशी. टबातलं पाणी हललं नाही. बोंबील हलले नाहीत. वाटेतलं बोरीगाव यायच्या आत सोमीमावशी झोपली, मग बाकीच्या झोपल्या, आणि शेवटी सोनूबाई, जी रात्रभर चालणाऱ्या वरातीतही डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही, तीसुद्धा तोंड उघडं टाकून झोपली. बाजारात पोचल्यावर नयनला एकेकीला हलवून उठवावं लागलं.

"आलं पण?" सोमीमावशी म्हणाली. "आता हा पोरगा माझ्या घरचा पाळणा दुरुस्त करेल का, विचार."

सगळ्या खूश. एकटी नयन सोडून. गाडी इतकी चांगली झाली होती, की आता गॅरेजला जायचं म्हटलं तर कारणच उरलं नव्हतं. त्या पायथ्यावरून ती रोज जायची. रोज हॉर्न वाजवायची. मिथुन कुठल्यातरी रिक्षाच्या खालून हात बाहेर काढून हलवायचा. हात कितीही चांगला असला तरी नुसत्या हाताशी किती बोलणार?

आठवडा गेला असेल-नसेल, येताना मावश्यांना झाईला सोडून ती एकटीच परत फिरली आणि गॅरेजसमोर गाडी उभी केली.

"काय झालं ताई?"

"जरा... थरथरते."

मिथुनच्या हातातला पाना तसाच राहिला. हसू येणार होतं, ते आलंच नाही.

"थरथरते?"

"अगदी थोडी. चहा पाजलात तर सांगते नीट."

चहा आला. नयनने नीट सांगितलं, पण गाडीबद्दल फार नाही. झाईच्या किनाऱ्याबद्दल, बापाच्या होडीबद्दल, आळीतल्या बायका तिला 'ड्रायव्हरीण' म्हणतात त्याबद्दल. मिथुन ऐकत होता, मान हलवत होता, आणि मधेच विचारत होता, "किती स्पीडला?"

मग तो शेजारी बसून गाडी बघायला निघाला. आता आली का पंचाईत? गाडी तर लोण्यासारखी. नयनने काय करावं... तिने गाडी अजून रांगत असतानाच टॉपचा गिअर टाकला. इंजिनाचा जीव घाबरा झाला, आणि गाडी हिवताप आल्यासारखी हुडहुडली. तळहातावर भरलेली वाटी घेऊन बोरीगावचं वळण काढेल अशी ही ड्रायव्हर. पण प्रेमाखातर माणूस काय काय विसरतो!

"हो," मिथुन हताश होऊन म्हणाला, "आहे थरथर."

"म्हटलं ना. आणि एक सांगू? मला ताई म्हणू नका."

"का?"

"बरं दिसत नाही. गाडी थरथरते आणि वर ताई."

ह्यात काय तर्क होता कुणास ठाऊक, पण पुढच्या खेपेपासून ताई गेली आणि 'तुम्ही' राहिलं. त्याच्या पुढच्या खेपेला 'तुम्ही' गेलं आणि नुसतं 'नयन' राहिलं. खेपा चालू होत्या, कारण थरथर चालू होती. नयन कधी तळलेली मांदेली डब्यात घालून न्यायची, मिथुन कैनाडचे चिकू कागदावर कापून ठेवायचा. ती म्हणायची, "एवढे गोड कसे रे?" तो म्हणायचा, "मागचा क्रॉस बदलून बघतो." ती म्हणायची, "आज शर्ट नवा दिसतो." तो म्हणायचा, "इंजिनाचे रबर असतील का?" ती लाडात बोलायची, तो मापात. त्याने शाफ्ट पुन्हा उतरवला, पुन्हा वापीला नेला, तिथल्या माणसाशी गुजरातीत भांडला, पुन्हा बसवला. दोन ठिपके समोरासमोर आणून तो त्यांच्याकडे असा टक लावून बसायचा, की नयनला ठिपक्यांचा हेवा वाटायचा.

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. नयनला वाटलं, प्रेमात येतं तसं असेल.

मग एक दुपार आली. मावश्यांना बाजारात सोडून नयन गॅरेजला आली, तर मिथुन गाड्यांखाली नव्हता. पान्यांचे संच पुसून गोणीत भरत होता.

"हे काय?"

"बंद करतोय."

"गॅरेज? का?"

"वापीला एका कंपनीत जागा आहे. पॅकिंगला. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"पॅकिंगला? तू?"

"तिथे काही फिरत नाही," मिथुन म्हणाला. "खोके असतात. खोकं थरथरत नाही." त्याने एक पाना उगीचच दुसऱ्यांदा पुसला. "एक साधा शाफ्ट बसत नाही माझ्या हाताने, नयन. सगळं बदलून झालं. कशात चूक आहे तेच कळत नाही. उद्या कुणाची बस आली, पोरांची गाडी आली... हात बरोबर नसला तर माणसाने हे काम करू नये."

नयनच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण तेवढ्यात एक ट्रकवाला हवा भरायला आला, मिथुन उठला, आणि आलेलं सगळं तसंच परत गिळून ती बाजाराकडे निघाली. ह्या वेळी गाडी जरासुद्धा थरथरली नाही. थरथरत होती ती ड्रायव्हर.

बाजार आटोपला. रिकामे टब चढले, बायका चढल्या. नयनने गाडी काढली आणि गॅरेज मागे पडल्यावर, रस्त्यावर डोळे ठेवून, कुणाला सांगतेय असं न दाखवता सांगितलं,

"मिथुन गॅरेज बंद करून वापीला चालला."

"का गं?" सोनूबाईने विचारलं.

"गाडीची थरथर जात नाही म्हणून."

"कुठल्या गाडीची?"

"...ह्या."

मग सोमीमावशी म्हणाली, "ह्या गाडीत मी सकाळी इतकी झोपले, की मला स्वप्न पडलं."

"आये, मी खोटं सांगत होते त्याला."

"ते आम्हांला ठाऊक आहे," सोनूबाई म्हणाली. "ज्या पोरीने आयुष्यात घरात मांदेली साफ केली नाही, ती तळून डबे नेते, तेव्हाच कळलं. मी म्हटलं, बोलतील, बोलतील. हा मेला पॅकिंगला जाईपर्यंत थांबशील असं वाटलं नव्हतं." मग तिने विचारलं, "ते कैनाडवाले मासळी खातात ना?"

"खातात."

"मग फिरव गाडी."

नयनने अशी गाडी फिरवली, की मागचे टब एका बाजूला गेले आणि एकीनेही तक्रार केली नाही.

मिथुन गॅरेजचं शटर अर्धं ओढून, फोन हातात घेऊन उभा होता. व्हॅन बघितल्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला.

"वाढली का?"

"मिथुन... नाहीये थरथर." नयनने काच खाली केली होती, पण खाली उतरायचं धैर्य होत नव्हतं. "कधीच नव्हती. मी... मुद्दाम रांगत्या गाडीला टॉपचा गिअर टाकायचे."

मिथुनने फोन खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"अरे, नाही रे!"

"राहू दे, नयन. मन चांगलं आहे तुझं."

"मन चांगलं नाही तिचं," सोनूबाई पलीकडून ओरडली. "गाडी चांगली आहे! बस आत!"

मागचा दरवाजा सरकला, मासळीवाल्यांच्या हातांनी मिथुनला धरून आत घेतलं, आणि तो रिकाम्या टबांच्या मधे जमिनीवर बसला. नयनने गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा... ज्याची वेळ आली तो गिअर, त्याच वेळी. हायवे लागला. मिथुनने तळहात गाडीच्या जमिनीवर टेकवला, नाडी बघावी तसा. मग दुसरा टेकवला. मग वाकून कानच टेकवला. बाहेर पाऊस भुरभुरू लागला होता. टबाच्या तळाशी राहिलेल्या बर्फाच्या पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

तो उठून बसला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. गालाला मांदेलीचा एक खवला चिकटला होता.

"बरोबर बसलाय," तो म्हणाला.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे पहिल्या वेळेलाच बरोबर बसला होता?"

"हो रे बाबा!"

"मग थरथरते असं का सांगितलंस?"

नयनने समोरच्या आरशात बघितलं. आरशात तो होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान देऊन बसलेल्या मावश्या. एकांत हवा होता खरा. पण झाईला एकांत मिळत नाही, तो फक्त समुद्रात असतो.

"गाडी चांगली असली की... गॅरेजला येता येत नाही," ती म्हणाली. "आणि मला यायचं असतं."

वायपर एकदा इकडून तिकडे गेला, पुन्हा आला. मग मिथुन म्हणाला, "वापीवाल्याशी मी उगीच भांडलो."

"अरे पोरा," सोमीमावशीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, "ती काय बोलली ते ऐकलंस का?"

"ऐकलं मावशी. एकेक करून घेतोय. आधी शाफ्टचं तरी नीट घेऊ द्या." त्याने मोठा श्वास सोडला, इतक्या दिवसांचा साठवलेला, लांब, सुटका झालेला श्वास. मग आरशात बघून, अगदी हळू, "दुसऱ्या कुणाची गाडी असती ना, तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, जा, थोडी हलतेच गाडी. पण तू रोज तिच्यात बसतेस. मला झोप लागायची नाही, नयन. वाटायचं, झाईपर्यंत ती हलत हलत जात असेल आणि मी इथे नुसता..."

पुढचं त्याला सांगता आलं नाही, आणि नयनला पुढचा रस्ता नीट दिसेना. तिने गाडी कडेला घेतली. सोनूबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय करत होती, ते बघायची हिंमत कुणी केली नाही.

"वापीला कळव बघू," नयन म्हणाली.

मिथुनने फोन लावला. "साहेब, मी मिथुन, तलासरीचा. मी येत नाही... काय आहे साहेब, शाफ्ट बरोबर बसलाय... हो, शाफ्ट... नाही नाही, तुमचा नाही... हॅलो?"

"कट केला?"

"हो. त्यांना काही कळलं नाही बहुतेक."

"कळणार कसं?" सोनूबाई म्हणाली. "हे काय कारण झालं? मोठ्या माणसाला सांगायचं म्हणजे नीट कारण पाहिजे."

"मग काय सांगू, मावशी?"

नयन समोरच्या काचेकडे बघत होती. ह्या वेळी कान तिचे लाल झाले होते. "सांग... लग्न ठरलंय म्हणावं."

मिथुनने पुन्हा फोन लावला. ह्या वेळी तो सांगताना जराही अडखळला नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तेव्हा त्याने फोनवर हात ठेवला आणि पुढे वाकून अदबीने विचारलं,

"साहेब म्हणतात, अभिनंदन. आणि कधी आहे?"

"पुढच्या पावसाळ्याला बोटी बंद व्हायच्या आधी," सोनूबाई म्हणाली. "पाहुण्यांना ताजी मासळी नको का?"